‘डिलाइट’साठी मुदत ठेव मोडावी का?

कोल्हापूरच्या एका वाचकांनी विचारले आहे: “माझे वय ४६ असून हाती येणारा पगार ८५,००० रुपये आणि घरखर्च सुमारे ६०,००० रुपये आहे. ९ लाखांची मुदत ठेव आहे. मुलगी अकरावीत आहे. ओळखीच्या एका गृहस्थांकडे १९६८ ची फियाट ११०० डिलाइट आहे आणि ते ५ लाख रुपये सांगतात. रंगकाम व क्रोमचे काम मिळून आणखी दीड लाख लागेल. इंजिन मध्यंतरी पद्मिनीचे बसवले आहे, पण ‘दोन्ही एकच’ असे ते म्हणतात. आरसी बुक त्यांच्या दिवंगत वडिलांच्या नावावर आहे. ही गाडी क्लासिक असल्याने दहा वर्षांत किंमत दुप्पट होईल, असा त्यांचा दावा आहे. माझे वडील अशाच गाडीवर चालक होते, त्यामुळे ओढही आहे. मी ११,००० रुपये विसार दिला आहे. ठेव मोडून गाडी घ्यावी का?”

ठेव मोडू नये, असे माझे मत आहे. गाडी कधीच घेऊ नये, असे मात्र मी म्हणणार नाही. या दोन गोष्टी आपल्या पत्रात एकमेकींत मिसळल्या आहेत आणि त्या वेगळ्या केल्या की निर्णय बराच सोपा होतो.

आधी आकडे पाहू आणि त्यासाठी विक्रेत्यांचा दावा शब्दशः खरा धरू. आपले ६ लाख ५० हजार रुपये ठेवीतच राहिले आणि करानंतर वर्षाला ६ टक्के हाती पडले, तर दहा वर्षांनी त्यांचे सुमारे ११ लाख ६४ हजार होतात. गाडी घेतल्यास तिचा विमा, पीयूसी, बॅटरी, टायर, वर्षातून दोनदा मेकॅनिकचा हात आणि पावसाळ्यात ती कोरडी राहील अशी जागा, या सर्वांसाठी वर्षाला ४५,००० रुपये मी धरतो. जुन्या रबरी नळ्या आणि वॉशर इथेनॉल मिसळलेल्या आजच्या पेट्रोलसाठी बनवलेले नसल्याने ते बदलण्याचा खर्चही यातच येतो. हेच ४५,००० रुपये दर वर्षी त्याच ६ टक्क्यांनी बाजूला पडले असते, तर दहा वर्षांत त्यांचे ५ लाख ९३ हजार झाले असते. म्हणजे केवळ बरोबरीत सुटण्यासाठी ही गाडी दहा वर्षांनी साधारण साडेसतरा लाखांना विकली गेली पाहिजे. ‘दुप्पट’ म्हणजे, रंग-क्रोमचा खर्च मुद्दलात धरूनही, १३ लाख. विक्रेत्यांचे भाकीत तंतोतंत खरे ठरले तरी आपण साडेचार लाखांनी मागे असाल, आणि बरोबरी साधायची तर किंमत दर वर्षी सुमारे साडेदहा टक्क्यांनी, एकही वर्ष न चुकता, वाढावी लागेल.

आता प्रश्न असा की एखादी जुनी गाडी या गतीने का वाढते आणि आपली गाडी त्या प्रकारात बसते का. ‘क्लासिक’ हा शब्द बाजारात फार सैलपणे वापरला जातो. परिवहनाच्या नियमांत त्या नावाचा वर्गच नाही. तिथे आहे तो ‘विंटेज’. केंद्र सरकारने २०२१ मध्ये केलेल्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे झालेले, व्यावसायिक वापरात नसलेले आणि मूळ स्वरूपात राखलेले, म्हणजे चेसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार न केलेले, वाहन विंटेज ठरते. मोटार विम्याच्या जुन्या दरपत्रकात मात्र विंटेज म्हणजे ३१ डिसेंबर १९४० पूर्वी बनलेली आणि विंटेज अँड क्लासिक कार क्लबने तशी प्रमाणित केलेली गाडी. तेव्हा वयाच्या हिशेबाने एकीकडे आपली गाडी उंबरठा ओलांडते, तर दुसरीकडे अंगणातही पोहोचत नाही. शिवाय असे कोणतेही प्रमाणपत्र मिळाले, तरी त्याने किंमत ठरत नाही.

किंमत ठरते ती, हवी असणारी माणसे किती आणि अस्सल उरलेल्या गाड्या किती, यावर. जगातले टोकाचे उदाहरण फेरारी २५० जीटीओचे आहे. त्या गाड्या अवघ्या ३६ बनल्या, प्रत्येकीच्या मालकांची आणि शर्यतींची नोंद आहे, आणि त्यांपैकी एक २०१८ च्या लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलरना गेली. फियाट ११०० ची गोष्ट अगदी उलटी आहे. वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून ती हजारोंनी बाहेर पडली, आणि हाच सांगाडा व १०८९ सीसीचे इंजिन घेऊन पुढे प्रीमियर प्रेसिडेंट आणि १९७४ पासून पद्मिनी या नावाने जवळजवळ शतकाच्या अखेरीपर्यंत बनत राहिली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून तर ती इतकी दिसली की २०२३ च्या ऑक्टोबरअखेर शेवटची पद्मिनी टॅक्सी वयोमर्यादेमुळे रस्त्यावरून गेली, तेव्हा ती बातमी झाली. डिलाइटच्या आधीची, पुढची दारे उलटी उघडणारी आणि लोकांनी प्रेमाने ‘डुक्कर’ म्हटलेली फियाट आज त्या मानाने विरळ आहे. (टोपणनावाने गाडीचे मोल वाढल्याचे हे बहुधा एकमेव उदाहरण असावे.) डिलाइट या दोहोंच्या मधली. ती दुर्मीळ नाही, पण अस्सल अवस्थेतली डिलाइट मात्र दिवसेंदिवस विरळ होत आहे, आणि आपल्या व्यवहाराची सगळी मेख त्या ‘अस्सल’ शब्दात आहे.

सुटे भाग सामाईक असण्याचा फायदा असा की गाडी चालू ठेवणे अवघड जात नाही. तोटा असा की गेल्या पन्नास वर्षांत ज्याच्या हाती जो भाग लागला तो बसला. डिलाइटला पद्मिनीचे ग्रिल, पद्मिनीचे दिवे, पद्मिनीचे इंजिन असा संसार सर्रास आढळतो. चालवणाऱ्याच्या दृष्टीने ‘दोन्ही एकच’ हे आपल्या विक्रेत्यांचे म्हणणे बव्हंशी बरोबर आहे. संग्राहकाच्या दृष्टीने ते साफ चूक आहे. जो खरेदीदार साध्या चालत्या गाडीपेक्षा दोन-तीन लाख जास्त मोजतो, तो कारखान्यातून ज्या इंजिनासह गाडी निघाली तेच इंजिन, त्याच क्रमांकासह, आजही आहे यासाठी मोजतो. ते एकदा गेले की कितीही खर्च करून परत आणता येत नाही. रंग आणि क्रोम पुन्हा करता येतात आणि म्हणूनच त्यांना फारसे मोल नाही. आपण दीड लाख घालणार आहात ते नेमके पुन्हा करता येणाऱ्या गोष्टींत. माझ्या एका अशिलाने जुन्या गाडीवर असाच सव्वादोन लाखांचा खर्च केला आणि विकताना खरेदीदाराने त्यातले जेमतेम ६०,००० मान्य केले. कारण त्याला तो रंगच पसंत नव्हता.

म्हणून आपल्या गाडीला ‘क्लासिक’ म्हणून लावलेली जादा रक्कम शून्य धरून बोलणी करावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. इंजिन बदलल्याची नोंद आरसीवर आहे का, हेही आधी पाहा. नोंद नसेल तर हस्तांतराच्या तपासणीत गाडी अडेल.

पाहणीसाठी दिवसा जा आणि बरोबर फक्त एक लोहचुंबक, एक स्क्रूड्रायव्हर आणि फियाटवर हात बसलेला मेकॅनिक घ्या. चुंबक फडक्यात गुंडाळून दारांखालच्या पट्टीवरून आणि चाकांच्या कमानींवरून हळू फिरवा. जिथे तो पत्र्याला धरत नाही, तिथे पत्रा नसून लांबी (पुट्टी) भरलेली आहे. मग चालकाच्या पायाखालचे रबरी मॅटिंग उचला आणि स्क्रूड्रायव्हरचे टोक हलकेच दाबा. चांगला पत्रा ठणकन बोलतो. कुजलेला पत्रा आवाज न करता टोक आत घेतो आणि बोटांना लालसर भुगा लागतो. या सांगाड्यात बॉडी आणि चेसिस वेगळे नाहीत, त्यामुळे तळ कुजला असेल तर प्रश्न रंगाचा उरत नाही, संपूर्ण गाडीचा होतो. त्यानंतर चेसिस क्रमांकाचा कागदावर पेन्सिलने ठसा घ्या आणि आरसीशी एकेक अंक ताडून पाहा. स्टीअरिंगवरचा गिअर चारही जागी बसतो का, हे मेकॅनिकला पाहू द्या. बसत नसला तरी तो दुरुस्त होतो.

कागदांबाबत मी अधिक कडक आहे. मालक दिवंगत असतील तर त्यांच्या नावावरून थेट आपल्या नावावर गाडी येऊ शकत नाही. आधी वारसाने नमुना ३१ भरून ती स्वतःच्या नावावर करून घ्यायची, इतर वारस असतील तर त्यांची संमती जोडायची, आणि मग नमुना २९ व ३० वर आपल्याकडे हस्तांतर करायचे. ‘बाबांची सही केलेला कोरा फॉर्म आहे’ असे कोणी म्हणाले, तर तिथेच उठावे. नोंदणीची मुदत आणि पर्यावरण कर भरलेला आहे का, हेही तपासा. पंधरा वर्षांवरील खासगी गाडीची नोंदणी पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करावी लागते आणि वीस वर्षांवरील गाड्यांसाठी हे शुल्क २०२५ मध्ये वाढवून १०,००० रुपये झाले आहे. विंटेज नोंदणीच्या मोहात पडू नका. तिचे शुल्क २०,००० रुपये आणि मुदत दहा वर्षे असली, तरी ती गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे किंवा दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती बाहेर निघू शकते. शिवाय बदललेल्या इंजिनामुळे आपली गाडी त्या व्याख्येत बसणे अवघडच आहे.

कराची एक बाजू फारशी कोणी सांगत नाही. स्वतःच्या वापराची मोटार ही आयकर कायद्यात भांडवली मालमत्ता धरली जात नाही, त्यामुळे ती विकून झालेल्या नफ्यावर कर नाही, आणि तोटा झाला तर तो कुठे वळताही करता येत नाही. मात्र ‘वैयक्तिक वापर’ सिद्ध करावा लागतो. १९८३ मध्ये २०,००० रुपयांना घेतलेली १९३१ ची एक फोर्ड पुढे २१ लाखांना विकली गेली आणि त्या नफ्याचा वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. गाडी वापरण्याजोगी होती एवढे पुरेसे नाही, ती प्रत्यक्ष वापरल्याचा पुरावा हवा, असे न्यायालयाने २०२५ मध्ये सांगितले आणि नफा करपात्र ठरला. किंमत दुप्पट होण्याच्या दाव्यामुळे आपण गाडीकडे ‘गुंतवणूक’ म्हणून पाहत असाल. तसे मानून ती झाकून ठेवलीत तर नफ्यावर कर लागेल, आणि रविवारी फिरवलीत तर झीज होईल. दोन्ही बाजूंचा लाभ एकाच वेळी मिळत नाही.

आता वडिलांविषयी. मी हा भाग हिशेबातून वगळत नाही. वडील ज्या गाडीच्या चाकामागे बसत, तिच्यात बसण्याला आपल्या लेखी मोल आहे आणि त्यासाठी पैसे खर्च करणे मुळीच गैर नाही. फक्त हे मोल आपण एकटेच मोजणार आहात. दहा वर्षांनी येणारा खरेदीदार त्याचा एक रुपयाही देणार नाही. त्यामुळे ही रक्कम सहल किंवा घरातले कार्य यांच्यासारखी खर्चात धरा आणि खर्चाच्या पैशातूनच ती येऊ द्या.

ठेवीतून साडेसहा लाख काढले तर उरतात अडीच लाख, म्हणजे जेमतेम चार महिन्यांचा घरखर्च. निदान सहा महिन्यांचे ३ लाख ६० हजार आपण कधीही हलवू नयेत. उरलेल्या रकमेवर पहिला हक्क मुलीच्या प्रवेशाचा आहे आणि ती वेळ दोन वर्षांच्या आत येते. प्रवेशाच्या दिवशी शुल्क भरायचे असताना जुनी गाडी विकायला निघालेला माणूस मिळेल त्या भावाला विकतो. जाहिरातींत दिसणाऱ्या किमती या मागितलेल्या किमती असतात. सौदे कितीला होतात ते कोणी छापत नाही, आणि योग्य गिऱ्हाईक मिळेपर्यंत सहा महिने सहज जातात.

पगार आणि खर्च यांत आपल्याला महिन्याला २५,००० रुपयांचे अंतर आहे. त्यातले १५,००० रुपये वेगळ्या आवर्ती ठेवीत घाला. दोन वर्षांत व्याजासह ३ लाख ८० हजारांच्या आसपास जमतील, तोवर मुलीचा प्रवेश पार पडलेला असेल, आणि तेव्हाही मन गाडीवर असेल तर तेवढ्या रकमेत बसणारी, शक्यतो मूळ इंजिनाची, गाडी शोधा. तोवर ही गाडी विकली गेली तर हळहळ वाटेल, पण हजारोंनी बनलेल्या गाडीत दुसरी मिळणे अशक्य नाही.

विसाराचे ११,००० रुपये राहिले. विक्रेत्यांना लेखी कळवा की आरसी वारसाच्या नावावर होऊन आणि इंजिनाची नोंद जुळेपर्यंत आपण व्यवहार पुढे नेऊ शकत नाही, आणि तोवर विसार परत मिळावा. ओळखीचे गृहस्थ आहेत, बहुधा देतील. न दिल्यास ती रक्कम सोडून द्या. साडेसहा लाखांवरचे चार महिन्यांचे व्याजही त्याहून जास्त भरते.