फोटो प्रिंटरचं हेड वारंवार चोक होतंय?

प्रश्न : स्टुडिओत सहा रंगांचा एप्सन एल 805 आहे. रात्री दुकान बंद करताना मेन स्विच पाडतो. दोन-चार दिवसांआड सकाळी एखादा रंग गायब असतो. शाईची कंपनी बदलू का? (चंद्रपूर)

शाई राहू द्या, मेन पाडायची सवय सोडा. प्रिंटर त्याच्या बटणाने बंद केला की हेड (शाई फवारणारा सरकता भाग) उजव्या टोकाला रबरी कॅपवर जाऊन बसतं आणि नोझल, म्हणजे शाईची बारीक छिद्रं, झाकले जातात. छपाई चालू असताना मेन गेला तर हेड वाटेतच अडकतं आणि रात्रभर उघड्यावर सुकतं. म्हणून आधी बटण, दिवा विझला की मगच मेन. वीज सारखी जात असेल तर प्रिंटर कॉम्प्युटरच्या यूपीएसवर घ्या; त्याला फार वीज लागत नाही.

तरीही रंग जात असेल तर कॅप बघा. तिच्या कडेवर वाळलेली शाई, कागदाचा भुसा, कधी नुसता एक केस असतो आणि तेवढ्याने सील बसत नाही. प्रिंटर चालू करा, हेड कॅपवरून सरकताच प्लग काढा, हेड हाताने अलगद डावीकडे न्या. फोमचा स्वॅब डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवून कॅपच्या कडा आणि शेजारची रबरी वायपर पट्टी पुसा. कापूस नको, तंतू सुटतात. बोअरचं पाणी तर नकोच, क्षार नोझलमध्ये बसतात. डिस्टिल्ड वॉटर बॅटरीच्या दुकानात मिळतं. फक्त ॲसिडची बाटली उचलू नका.

प्रश्न : लागोपाठ सहा वेळा हेड क्लीनिंग (शाई ओढून नोझल साफ करायची प्रिंटरची सोय) केलं. चाचणीच्या रेघांचा पॅटर्न सुधारायचा सोडून आणखी तुटला. (सांगली)

तीनदा करून थांबायला हवं होतं. आता दोन नोझल चेक (त्याच रेघांच्या पॅटर्नची चाचणी-पानं) काढून शेजारी शेजारी ठेवा. रेघा दोन्हींत त्याच जागी तुटल्या असतील तर शाई वाळली आहे. तुटलेली जागा बदलत असेल तर शाईच्या नळीत हवा आहे. मग टाकीतली शाई खालच्या खुणेच्या वर आहे ना ते बघा आणि प्रिंटर बंद करून 12 तास हात लावू नका. बुडबुडे बरेचदा आपोआप निघतात. पिवळ्या रेघा डोळ्यांना नीट दिसत नाहीत, निळ्या एलईडीखाली धरल्या की काळपट उठून दिसतात.

कॅपमधून शाई ओढणाऱ्या पंपाचीही परीक्षा घ्या. कॅपच्या स्पंजवर डिस्टिल्ड वॉटरचे चार-पाच थेंब टाकून एकदाच क्लीनिंग चालवा. पाणी तिथेच राहिलं तर पंप किंवा त्याची नळी ओढत नाहीये, हेडचा दोष नाही. नव्या हेडचे पैसे मोजण्याआधी एवढं कराच. शिवाय प्रत्येक क्लीनिंगची शाई वेस्ट पॅडमध्ये, म्हणजे वाया गेलेली शाई शोषणाऱ्या पॅडमध्ये, जाते. पॅड भरल्याचा संदेश आला की प्रिंटर छापायचंच थांबवतो.

प्रश्न : रोज बिलं छापतो, तरी फोटोत फिकट मजेंटा (गुलाबीसर रंग) येत नाही. (पनवेल)

बिलं बहुतेक काळ्यावरच निघतात, फिकट रंगांचे नोझल बसूनच असतात. आठवड्यातून एकदा सहाही रंगांच्या पट्ट्या 4×6 फोटो कागदावर, फोटो सेटिंग ठेवून छापा. उन्हाळ्यात किंवा दिवसभर एसी असेल तर दर तीन-चार दिवसांनी.

प्रश्न : दोन महिने गावी जायचंय. शाई काढून ठेवू? (पुणे)

मुळीच नको, नळ्यांत हवा शिरेल. बटणाने बंद करा, सपाट जागी झाकून ठेवा, जमल्यास शेजाऱ्यांकडून आठवड्याला एक नोझल चेक काढून घ्या. परत आल्यावरही आधी नोझल चेकच. पॅटर्न पूर्ण असेल तर क्लीनिंगचं बटण दाबूच नका.