हायपोस्पेडियास: एकाच ऑपरेशनमध्ये ‘टीआयपी’ की दोन टप्पे?

तुमच्या दहा महिन्यांच्या बाळाचं लघवीचं छिद्र टोकावर नसून शिश्नाच्या मध्यावर, खालच्या बाजूला आहे; यालाच हायपोस्पेडियास म्हणतात. एक सर्जन एकाच ऑपरेशनमध्ये ‘टीआयपी’ (मूत्रमार्गाच्या मूळ पट्टीचीच नळी शिवण्याची पद्धत) करू म्हणतात, दुसरे दोन टप्पे सांगतात, आणि खरं कोणाचं मानायचं हे तुम्हाला कळत नाहीये. मी लहान मुलांच्या शस्त्रक्रिया करतो. बाळाला न तपासता निवाडा देणार नाही, पण दोघांची मतं कुठे फुटली असावीत याचा अंदाज आहे: वाकावर.

छिद्र कुठे आहे हे सगळेच विचारतात. पण शिश्न खाली किती वाकलंय, ज्याला आम्ही कॉर्डी म्हणतो, ते ओपीडीत नीट कळतच नाही. भूल दिल्यावर त्वचा मुळापर्यंत उतरवायची, सलाइन टोचून शिश्न ताठ करायचं आणि मग पाहायचं. कधी नुसती त्वचा सुटल्यावरच वाक जातो. साधारण ३० अंशांपेक्षा कमी उरला तर वरच्या बाजूला टाके घेऊन सरळ करता येतो आणि मूत्रमार्गाची मूळ पट्टी, म्हणजे छिद्रापासून टोकापर्यंतची नळी न झालेली अस्तराची पट्टी, शाबूत राहते. त्याहून जास्त असेल तर बऱ्याचदा ती पट्टीच आडवी कापावी लागते. पट्टी गेली की टीआयपीही गेली, कारण ती पद्धत उभी आहे त्याच पट्टीवर.

टीआयपी सर्जन स्नॉडग्रास यांनी १९९४ साली मांडली. पट्टी अरुंद असली तर तिच्यावर मधोमध उभा छेद द्यायचा, ती सैल झाली की लघवीसाठी घातलेल्या बारीक नळीभोवती गुंडाळून शिवायची. छेदाची जागा आतून नव्या अस्तराने भरून येते. वर जवळच्या ऊतीचा एक थर पांघरतात, नाहीतर शिवणीतून लघवी झिरपून फिस्टुला, म्हणजे लघवी गळणारं जादा छिद्र, होण्याची भीती वाढते. छिद्र उभ्या फटीसारखं, नैसर्गिक दिसतं. मॅथ्यू यांची १९३२ची जुनी पद्धत छिद्राखालची त्वचा उलटवून वर आणते. तिच्यात छिद्र आडवं दिसतं, माशाच्या तोंडासारखं. टोकाजवळच्या हायपोस्पेडियासमध्ये या दोन्हींच्या गुंतागुंतींत मोठा फरक दिसत नाही. तिथे सर्जनचा हात कशावर बसलाय हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

दोन टप्प्यांत पहिल्यांदा शिश्न सरळ करून पुढच्या त्वचेच्या आतल्या भागाचा किंवा गालाच्या आतल्या अस्तराचा तुकडा तिथे लावतात. सहा-एक महिन्यांत तो रुजून मऊ झाला की दुसऱ्या वेळी त्याची नळी शिवतात. दोनदा भूल, दोनदा ड्रेसिंग, दोनदा रडारड. पालकांना हे पहिल्या प्रयत्नाचं अपयश वाटतं, तसं नाही. जास्त वाक असताना हट्टाने एकाच वेळी सगळं उरकायला जाण्यापेक्षा मी हेच निवडतो. बिघडलेल्या, व्रण धरलेल्या ऊतीवर पुन्हा काम करणं फार कठीण असतं.

तुमच्या बाळाचं छिद्र मध्यावर आहे, म्हणजे दोन्ही शक्यता खऱ्या आहेत. मी असतो तर ‘टेबलावर ठरवू, पट्टी वाचली तर एक टप्पा, नाहीतर दोन’ असं सांगणाऱ्या सर्जनकडे जास्त विश्वासाने गेलो असतो. तुम्ही दोघांनाही विचारा: वाक जास्त निघाला तर काय कराल? अशी ऑपरेशन्स नियमित करता का? तुमच्या स्वतःच्या रुग्णांत फिस्टुला किंवा छिद्र आकसणं किती जणांना होतं? ‘शून्य’ असं उत्तर आलं तर उठा.

वयाची घाई नाही. ६ ते १८ महिने ही नेहमीची वेळ. ऑपरेशननंतर काही दिवस नळी राहते, मूत्राशयाला कळा येऊन बाळ अचानक किंचाळतं. त्यावर औषध असतं, आधीच मागून ठेवा. पुढे पॅन्ट ओली न करता लघवी करायला लागला की धार बघून घ्या, वयात येतानाही एकदा तपासणी हवी, कारण वाक तेव्हा परत दिसू शकतो.

दोन गोष्टी मात्र आजच. सुंता करू नका, ती त्वचा लागणार आहे. आणि दोन्ही वृषणं पिशवीत आहेत का ते बालरोगतज्ज्ञांना बघायला सांगा. एखादं हाताला लागत नसेल तर ऑपरेशनची तारीख घेण्याआधी हार्मोन्स आणि गुणसूत्रांची तपासणी करून घ्यावी लागते.