पायांवरची टाकी

तू घरी बांधतोयस त्या विमानाचा आराखडा नीट पाहिला. उपकरणांच्या पॅनेलच्या मागे, पायांच्या वर पेट्रोलची टाकी घेतलीस, त्यामागचा विचार कळतो: पेट्रोल आपोआप खाली उतरतं, नळी आखूड राहते. पण विमान नाकावर आदळलं की इंजिन मागे सरकतं, टाकी चेपते आणि पेट्रोल तुझ्या मांड्यांवर येतं. तापलेला एक्झॉस्ट तिथून हातभर अंतरावर. माझं ऐक, टाक्या पंखात ने. पंख खाली आहेत म्हणून पंप लागेल, शिवाय विजेवरचा राखीव पंपही लागेल. तो खर्च कर.

पुढेच ठेवणार असशील तर निदान व्हेंटचं, म्हणजे टाकीत हवा येण्याजाण्याच्या नळीचं, तोंड केबिनच्या बाहेर काढ आणि टाकीपासच्या जोडाला लवचीक नळी दे, म्हणजे धक्क्याने तुटणार नाही. फायरवॉल, म्हणजे इंजिन आणि केबिनमधली आगरोधक भिंत, स्टेनलेस स्टीलचीच हवी. ॲल्युमिनियम 660 अंश सेल्सिअसला वितळतं, पेट्रोलची आग त्याहून तापते. फायरवॉलमधलं प्रत्येक भोकही तितक्याच काळजीने बुजव. भोकाच्या कडेला बसवायचं प्लास्टिकचं ग्रोमेट (कडं) तिथे नकोच.

इंधनाचा कॉक (तोटी) बसवताना गायक जॉन डेन्व्हरचा जीवघेणा विमान अपघात आठव. 12 ऑक्टोबर 1997, कॅलिफोर्निया. त्याचं लाँग-ईझी हे घरी बांधलेलं विमान होतं; बांधणाऱ्याने त्यातला कॉक मूळ जागा सोडून वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे नेला होता. तो फिरवायच्या खटपटीत ताबा सुटला, असं तपासात निघालं. पट्टे आवळून खुर्चीत बस, डोळे मीट आणि हात कुठे सहज पोहोचतो ते बघ. तिथेच खूण कर.