माणसं एकसारखी नसताना "सगळे समान" म्हणणं खोटं नाही का?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की कुणी हुशार असतो, कुणी मठ्ठ, कुणी धट्टाकट्टा, कुणी जन्माचा रोगट. निसर्गानंच पाची बोटं सारखी केली नाहीत, मग समानता ही भाषणापुरतीच नाही का?

पारोळा तालुक्यात आमची सात एकर कोरडवाहू आहे आणि तीत दरसाल कापूस असतो. वेचणीच्या दिवसांत काटा आणि वही माझ्या हातात. बायाबायांतला फरक मी रोज संध्याकाळी किलोत लिहिते, त्यामुळे या प्रश्नाशी माझी जरा जास्तच ओळख आहे.

आधी ती बोटांची म्हण. आमच्याकडे अहिराणीतही चालते, "पाची बोटं सारखी ऱ्हातस का?" आजवर ज्यांच्या तोंडून ऐकली त्यातल्या एकानंही स्वतःला करंगळी धरलं नव्हतं. असो.

आता काटा. दिवाळीच्या आसपास पहिली वेचणी असते. बाया कमरेला ओटी बांधून तासात, म्हणजे कपाशीच्या ओळीत, शिरतात आणि दोन्ही हातांनी वेचतात. बोंड पिकलेलं असलं तरी त्याच्या वाळलेल्या नख्या बोटांना ओरखडतात, आठवड्याभरात नखांच्या कडा फाटतात. पाच वाजता बांधावर गाठोडी येतात. एक पोरगी आहे, वीस-बावीसची. पहिल्या वेचणीला तिचं पन्नासच्या खाली कधी भरत नाही. तिच्याच तासाला तिची आजेसासू असते, तिचं अठरा, फार तर वीस. किलोमागं दहा रुपये. पोरीला पाचशे, म्हातारीला दोनशे. यावर आजवर कुणी भांडलेलं नाही. म्हातारी तर स्वतःच काट्याकडे बघून हसते आणि म्हणते, लिही माय, देवानं जितकं दिलं तितकं. म्हणजे फरक आहे, खरा आहे, आणि त्याचे पैसेही वेगळे होतात. समानता म्हणजे दोघींच्या नावापुढं पस्तीस-पस्तीस लिहिणं असा तुमचा समज असेल, तर तसं कुणी शहाणा माणूस म्हणत नाही.

पण दोन वर्षांपूर्वी त्याच म्हातारीला पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या झाडाच्या, बुडाशी विंचू चावला. माझ्या मुलानं मोटरसायकल काढली, पोरगी तिला धरून मागं बसली, आणि वेचणी तासभर बंद पडली. तेव्हा वही उघडून हिचं वजन किती भरतं ते कुणी पाहिलं नाही. पाहिलं असतं तर त्या पन्नास किलोवालीनंच पहिल्यांदा काम सोडलं असतं. दुपारी निंबाखाली भाकरी सोडतात तेव्हा माठातलं पाणीही किलोवर मिळत नाही. आमच्या त्याच शेतात काही गोष्टी काट्यावर चढतात आणि काही चढतच नाहीत. माणसं समान आहेत याचा मला उमगलेला अर्थ इतकाच, की काय मोजायचं नाही हे आधी ठरलेलं असतं. सगळ्यांना मोजून शेवटी आकडा सारखा आला, असं कुणी सांगितलेलंच नाही.

आता तुमच्या प्रश्नातली खरी गोम. तुम्ही धरून चाललाय की माणसांत फरक असतो म्हणून त्यांना कमी-जास्त वागवलं जातं. माझ्या पाहण्यात हे उलटं आहे. वागणूक आधी ठरलेली असते, फरक मागून शोधून आणतात.

माझ्या माहेरी सालदार होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: खान्देशात शेतावरच्या गड्याचं साल आखाजीला ठरतं, म्हणजे अक्षय तृतीयेला. लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गौराई बसते, पुरुष पत्ते कुटतात, आणि त्याच दिवशी कुठला सालदार कुणाकडे राहणार, किती पैसे आणि किती धान्य, याची बोलणी होतात. आमच्या त्या सालदाराला मी बाबा म्हणायचे. पेरणीत त्याचा हात गावात एक नंबर होता, पांभर, म्हणजे पेरणीचं अवजार, धरली की तास दोरीनं आखल्यासारखं जायचं. वडील स्वतः म्हणायचे, याच्याइतकी शेती मला कळत नाही. पावसाळ्यात नाल्याला पाणी आलं की बाबा मला खांद्यावर घेऊन शाळेच्या बाजूला उतरवायचे. माझ्या चिखलाच्या चपला त्यांच्या छातीवर आपटत असायच्या.

त्यांची कपबशी मात्र गोठ्याच्या कोनाड्यात. कान तुटलेला पांढरा कप, निळ्या काठाची बशी. चहा आई वरून ओतायची, भांड्याला भांडं लागू न देता. बाबा प्यायचे, हापशावर धुवायचे आणि परत कोनाड्यात पालथी घालायचे. माझे आईवडील दुष्ट नव्हते. बाबांच्या लेकीच्या लग्नाला वडिलांनी न मागता ज्वारीची पोती पाठवली होती. पण मला सांगा, तो कप कुठल्या फरकामुळं वेगळा होता? हुशारीत ते वडिलांच्या पुढं, ताकदीत पुढं, व्यसन नाही, तोंडात शिवी नाही. त्यांना मोजून कमी ठरवलेलं नव्हतंच. त्यांच्या जन्माच्या आधीच तो कोनाडा ठरलेला होता.

हे फक्त गोठ्यातलं नाही. आमच्या चाळीसगावची गोष्ट सांगते, ती बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतः लिहून ठेवली आहे. 1929 साली ते सरकारी चौकशी समितीचे सदस्य म्हणून फिरत होते. धुळ्याच्या लाइनवरच्या एका गावात अस्पृश्यांवर बहिष्कार घातला होता, त्याची माहिती घेऊन ते चाळीसगावला परतले. तिथल्या लोकांनी आग्रह केला म्हणून रात्री मुक्काम ठरला. महारवाडा स्टेशनपासून दोन फर्लांग, म्हणजे चालत पाच-सात मिनिटं. स्टेशनबाहेर टांगे उभे होते, तरी त्यांना तासभर थांबावं लागलं. का, ते नंतर कळलं: टांगेवाले त्यांना बसवून हाकायला तयार नव्हते, त्यात त्यांचा कमीपणा होता. पाहुण्याला पायी नेणं लोकांना बरं वाटेना. शेवटी तोड निघाली, टांगा भाड्यानं मिळेल पण हाकणार नाही. मग वस्तीतलाच एक जण लगाम धरून बसला, ज्यानं जन्मात टांगा हाकलेला नव्हता. थोडं पुढं जाताच मोटारीशी टक्कर होता होता राहिली. पुढं नदीवरच्या फरशीवर चाक दगडात अडकलं, बाबासाहेब फेकले गेले, घोडा आणि टांगा नदीत. पाय मोडला.

बाबासाहेबांजवळ तेव्हा कोलंबिया आणि लंडन विद्यापीठांच्या डॉक्टरेट होत्या, शिवाय बॅरिस्टरी. टांगेवाल्याजवळ घोडा. तुमच्या हिशोबानं, गुणांत फरक असतो म्हणून मान कमी-जास्त, तर त्या दिवशी टांगेवाल्यांत भांडण लागायला हवं होतं की साहेबांना मी नेणार. चाळीसगावला गाडी बदलताना मला ही गोष्ट दर वेळी आठवते. स्टेशनबाहेर आता रिक्षा असतात.

याच माणसानं तुमच्या प्रश्नाला सरळ उत्तरही दिलं आहे. 1936 साली लाहोरच्या परिषदेसाठी त्यांनी भाषण लिहिलं. बोलावणाऱ्यांना मजकूर झेपला नाही म्हणून परिषदच रद्द झाली आणि त्यांनी भाषण छापून काढलं. त्यात ते आधी मान्यच करून टाकतात की माणसं समान नसतात. मग विचारतात, फरक येतो कुठून? तीन ठिकाणांहून: आईबापांकडून मिळालेलं शरीर, घरादारातून मिळालेलं शिक्षण-संस्कार-पैसा, आणि स्वतःची मेहनत. मेहनतीपुरता फरक केला तर एक वेळ समजू, पण पहिल्या दोन्हींसाठी बक्षीस कशाचं? हे वाचलं त्या संध्याकाळी मी वही घेऊन बसले. पन्नास किलोवाली पोरगी. तिचे लांब हात तिच्या आईचे. आठ वर्षांची असल्यापासून आईमागं तासात फिरलेली, म्हणून बोटांना सवय. त्या बदल्यात शाळा सुटली. उरलेली तिची मेहनत. आता या पन्नासातले किलो किती तिचे आणि किती मिळालेले, हे मला सांगता येईल का? काटा तर एकच आकडा दाखवतो. बाबासाहेबांचा पुढचा मुद्दाही तोच: राज्य चालवणाऱ्याला लाखो माणसांशी गाठ असते, प्रत्येकाला असं उकलून पाहायला ना वेळ ना माहिती, म्हणून सगळ्यांना समान वागवणं हेच व्यवहाराला धरून आहे. मला हे फार आवडलं. यात कुठेही डोळ्यांत पाणी आणलेलं नाही.

वहीचा विषय निघालाय म्हणून एक कबुली. पहिली कितीतरी वर्षं माझ्या वहीत बायांची नावंच नव्हती. "बापूची माय", "टेकावरची", "पांगळ्याची बायको" असं लिहायचे. ओळख पटायची, पैसे बरोबर जायचे, मग बिघडलं काय? पुढं कुठेतरी वाचलं की 1951-52 च्या पहिल्या निवडणुकीत सुमारे 28 लाख बायांना मतदार यादीत जागा मिळाली नाही, कारण त्यांनी आपलं नाव न सांगता अमक्याची आई, तमक्याची बायको एवढंच सांगितलं. बिहार, राजस्थान, उत्तर प्रदेश अशा बाजूला जास्त. एकवीस वर्षांवरच्या प्रत्येकाला एक मत असं राज्यघटनेनं सांगून टाकलं होतं. शिकलेला-अडाणी, जमीनदार-भूमिहीन काही बघितलं नव्हतं. पण ते मत घ्यायला माणूस आधी स्वतःच्या नावानं उभा असावा लागतो. त्या हंगामात मी सगळ्यांची नावं विचारून घेतली. एका बाईला स्वतःचं सासरचं नाव आठवायला क्षणभर लागला, लग्नात बदललेलं आणि नंतर कुणी हाक मारलेलीच नाही. बाकीच्या हसल्या, तीही हसली. मला नाही हसू आलं.

दुसऱ्या बाजूचंही थोडक्यात सांगते, कारण काही लोक समानता म्हणजे सगळ्यांना एकच माप असं धरतात. माझी भाची धडगाव तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. पहिलीतली पावरा आदिवासी पोरं घरी पावरी बोलतात आणि शाळेत पहिल्याच दिवशी हातात मराठीचं पुस्तक. जळगावच्या पोरालाही तेच पुस्तक. कागदावर अगदी समान. ती पहिले काही महिने त्यांच्याच बोलीत शिकवते, वस्तू दाखवून हळूहळू मराठी शब्द देते, आणि मगच पुस्तक उघडते. मतदान यंत्रावर ब्रेल असतं तेही असंच. आंधळ्याला दोन मतं दिलेली नाहीत, त्याचं एक मत त्याच्या हाताला लागेल अशी सोय केली आहे.

आता माझं दुखणं. वेचणी किलोवर असते म्हणून तिथं मी न्यायाच्या बाता मारू शकते. निंदणी रोजावर असते. आमच्या पट्ट्यात बाईला अडीचशे आणि गड्याला चारशे, आणि मीही तेच देत आले. कारणं तयार होती: गडी जड काम करतो, बाई उशिरा येते. पण 2024 च्या पावसाळ्यात तणानं घेरलं, माणसं मिळेनात, तेव्हा दोन गडी बायांच्याच ओळीत निंदायला बसवले. तोच विळा, तेच तास, आले-गेलेही एकाच वेळी. दुपारपर्यंत बाया चार हात पुढं. संध्याकाळी पैसे वाटताना माझा हात अडखळला. मोजायला काटा लागतच नव्हता, दिसत होतं कोण पुढं आहे, आणि तरी मी नोटा आधीच दोन गड्ड्यांत लावून आणल्या होत्या. कोनाड्यातला कप तो हाच. समान कामाला समान दाम घटनेच्या 39 व्या कलमात आहे, 1976 साली त्याचा कायदाही झाला. माझ्या बांधापर्यंत पोहोचायला त्याला 2024 उजाडलं.

त्या दिवशी सगळ्यांना चारशे दिले. दुसऱ्या दिवशी शेजारचे आप्पा बांधावर आले. विळा हातात, आवाज खाली. "वहिनी, तुम्हीन भाव बिघाडी टाका." म्हणजे तुम्ही भाव बिघडवून टाकलात. मी म्हटलं, आप्पा, तुमच्या शेतात बाया कमी निंदतात का? ते म्हणाले, तसं नाही, पण अशी रीत नाही. आणि मग तुमच्यासारखंच, पाची बोटं सारखी नसतात म्हणाले.

पुढच्या साली त्यांच्या निंदणीला बाया आमच्यानंतर गेल्या. त्यांनी साडेतीनशे दिले असं ऐकलं. मी विचारलेलं नाही.