उचल फिटेपर्यंत आधार कार्ड मुकादमाकडं?

प्रश्न : आमच्या उसाच्या फडात बीडकडची ऊसतोड मजुरांची टोळी आहे. एका बाईला ताप आला, तर टोळी आणणाऱ्या मुकादमानं खाडा (गैरहजेरीचा दंड) लावला. तिच्या नवऱ्याला गावी जायचंय, पण उचल (कामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम) फिटली नाही म्हणून आधार कार्ड नि मोबाईल काढून घेतलाय. आम्ही शेतकऱ्यांनी मध्ये पडावं का?
– एक शेतकरी, वाळवा तालुका

उत्तर : पडा, पण फडात भांडू नका. तसं केलंत तर रातोरात कोप्या (झोपड्या) मोडून टोळी दुसऱ्या गावाला जाईल, आणि तुमचा ऊस उभा राहील तो वेगळाच.

उचल देणं गुन्हा नाही. उचलीपोटी माणसाला अडकवून ठेवणं ही १९७६च्या कायद्यानं वेठबिगारी आहे. स्टँपपेपरवर अंगठा असला तरी तो करार टिकत नाही, वेठबिगारीचं कर्जही फेडावं लागत नाही. तहसीलदार किंवा प्रांतांकडं (उपविभागीय अधिकाऱ्यांकडं) लेखी अर्ज द्या, पोच घ्या. अर्ज तुमच्या नावानं चालतो. मजुराचीच सही हवी असं नाही. मारहाण होत असेल तर थेट ११२.

टोळ्या उचल घेऊन पळतात, हेही खरंच. मुकादमानं त्यासाठी कोर्टात वसुलीचा दावा लावावा की! आधार कार्ड काय तारण ठेवायची वस्तू आहे?

आणखी एक. काट्यावरच्या वजनाच्या पावतीचा फोटो रोज त्या जोडप्याला काढून द्या. किती टन तोडला, किती उचल फिटली, हे आज फक्त मुकादमाच्या वहीत असतं.