मुलांना घेऊन पहिल्यांदाच प्राणिसंग्रहालयात जाताय?

दार उघडायच्या वेळेलाच पोहोचा. वाघ, बिबट्या सकाळच्या गारव्यात फिरतात, ऊन चढलं की सावलीत आडवे होतात. सिंह तर दिवसाचे २० तासही विश्रांतीत काढतो. म्हणून मार्जारकुळ आधी गाठा. सापघर, मत्स्यालय यांसारख्या छपराखालच्या जागा दुपारसाठी ठेवा. साप्ताहिक सुट्टी आणि प्राण्यांना खाणं देण्याच्या वेळा आदल्या दिवशीच बघून घ्या.

सगळं एकाच दिवसात बघायचा हट्ट नको. लहान मूल दोन-अडीच तासांत दमतं आणि मग कशातच रमत नाही. नकाशावरून ७-८ प्राणी मुलांनाच निवडू द्या. पिंजरा रिकामा वाटला तरी ५ मिनिटं थांबा. बहुतेक लोक लगेच पुढे सरकतात, आणि नेमका तेव्हाच झुडपात कान हलतो!

काचेवर टकटक नको, फ्लॅशही नको. फोनची लेन्स काचेला टेकवली की फोटोत प्रतिबिंब येत नाही. जाळी असेल तर कठड्याच्या अलीकडे राहूनच झूम करा. माकडांकडे रोखून बघणं, दात दाखवणं टाळायला सांगा, कारण अनेक जातींत ती धमकी समजली जाते.

खाऊ घालणं तर अजिबात नको. हरणं रवंथ करणारी. ब्रेड-बिस्किटांनी त्यांचं पोट बिघडतं. उडालेली प्लास्टिकची पिशवी गिळली तर आतडी तुंबून जीवही जातो.

आत शिरताच प्रत्येक मुलाचा फोटो काढा. चुकामूक झाली तर त्या दिवशीचे कपडे दाखवता येतात. मनगटावर पेनानं तुमचा नंबर लिहा.