कर कशावर: वजनावर, किमतीवर की धुरावर?

कोळशावरचा सेस गेला असं वाचलं. म्हणजे आपल्याकडचा कार्बन टॅक्स संपला का? आणि सेस गेला, तर विजेचं बिल का उतरलं नाही?
(सुदामा नगर, इंदूर)

कार्बन टॅक्स या नावाचा कर आपल्याकडे केंद्राने कधी लावलाच नव्हता. होता तो कोळशाच्या वजनावरचा सेस. 2010 मध्ये टनाला 50 रुपये, मग 100, मग 200, आणि 2016 मध्ये 400. जीएसटी आल्यावर हेच 400 रुपये 'भरपाई उपकर' झाले आणि स्वच्छ ऊर्जेसाठी म्हणून सुरू झालेला पैसा राज्यांची महसुली तूट भरण्याकडे वळला. 22 सप्टेंबर 2025 पासून तो उपकर गेला, पण त्याच दिवशी कोळशावरचा जीएसटी 5 वरून 18 टक्के झाला. ही दुसरी बातमी पुष्कळांच्या वाचनातून निसटली.

हिशेब मांडून बघा. टनाला 1500 रुपये भावाच्या कोळशावर आधी 75 अधिक 400, म्हणजे 475 रुपये कर बसायचा. आता 270 बसतो. 4000 रुपयांच्या कोळशावर आधी 600 होते, आता 720. साधारण 3080 रुपयांच्या भावाला दोन्ही सारखे पडतात. त्याखालचा कोळसा स्वस्त झाला, वरचा महाग. आता स्वस्त कोळसा म्हणजे बहुधा जास्त राखेचा, कमी उष्मांकाचा. तेवढ्याच विजेला तो जास्त जाळावा लागतो. सेस वजनावर असल्यामुळे असल्या कोळशाला तो जास्त बोचायचा. धूर जुना करही मोजत नव्हता म्हणा, पण त्याचा नेम चुकून का होईना जवळपास लागत होता. किमतीवरच्या कराचा तोही लागत नाही.

बिलाचं म्हणाल, तर युनिटमागे 650 ते 700 ग्रॅम कोळसा धरला तर 1500 रुपयांच्या कोळशावर टनामागे कमी झालेले 205 रुपये (475 वजा 270) म्हणजे युनिटला 13-14 पैसे, तेही फक्त कोळशाच्या विजेवर. वीज जीएसटीबाहेर असल्याने वीजकेंद्राला कोळशावरच्या कराचा परतावा मिळत नाही. कर दरातच मुरतो. बिलात 'इंधन व वीजखरेदी समायोजन अधिभार' अशी ओळ असते, बदल झालाच तर तिथे दिसेल. वेगळा ओळखता मात्र येणार नाही, कारण वाहतूक आणि बाहेरून घेतलेली वीजही त्याच ओळीत असते.

धूर मोजणारी योजना म्हणजे 2023 ची कार्बन क्रेडिटची, म्हणजे ठरलेल्यापेक्षा कमी धूर सोडणाऱ्या कारखान्याला विकता येणाऱ्या प्रमाणपत्रांची. तिच्या पहिल्या उद्दिष्टांत सिमेंट, अ‍ॅल्युमिनियम, कागद आणि क्लोर-अल्कली (कॉस्टिक सोडा, क्लोरीन) होते. औष्णिक वीज नव्हती, आणि आमच्या मते खरा वाद तिथेच घालायला हवा.

सांवेर रोडला आमचा नट-बोल्टचा कारखाना आहे. जर्मनीतलं गिऱ्हाईक कार्बनचे आकडे मागतंय. त्यांचा कर आम्ही भरायचा? छतावर सोलर लावलं तर सुटका होईल का?
(इंदूर)

हा कर म्हणजे युरोपचा 'सीबॅम', आयात मालामागच्या कार्बनवर लावलेला. तो भरेल युरोपातला आयातदार. भावात मात्र तो तुम्हालाच घासणार. जानेवारी 2026 पासूनच्या मालाला हे लागू आहे आणि नट-बोल्टचा 7318 हा सीमाशुल्काचा कोड त्याच्या यादीत आहे. आधी त्याला एवढंच विचारा: या यादीतला सगळा माल मिळून वर्षाला 50 टनांच्या आत आणता का? तसं असेल तर त्याला सूट आहे आणि तुमचा जीव सुटला.

नसेल तर सोलरवर भिस्त ठेवू नका. लोखंड-पोलादाच्या मालाला तिथे वापरलेल्या विजेचं उत्सर्जन धरतच नाहीत, फक्त थेट धूर धरतात. तुमच्या हीट ट्रीटमेंटच्या भट्टीचा गॅस घनमीटरला जेमतेम 2 किलो कार्बन डायऑक्साइड देतो. खरा बोजा वायर रॉडमध्ये, म्हणजे तुमच्या कच्च्या मालात येतो. भंगार वितळवून केलेला रॉड हलका पडतो, कोळशावरच्या स्पंज आयर्नचा किंवा ब्लास्ट फर्नेसचा जड. म्हणून हीट नंबरनिहाय (पोलादाच्या एकेका वितळणीच्या क्रमांकानुसार) मिलचे आकडे मागा आणि दोन मिलांचा रॉड एका ढिगात घालू नका. सगळे बहुधा इथेच घसरतात, कारण माल एकत्र झाला की पुरावा उरत नाही. तुमच्या आकड्यांना मान्यताप्राप्त तपासनिसाची सहीही लागते. आकडे नसले की तिकडचे ठरवून दिलेले आकडे लागू होतात, आणि ते मुद्दाम चढे ठेवलेले आहेत. इथे भरलेला कार्बनचा दर वजा मागता येतो, पण कोळशावरच्या जीएसटीच्या पावतीत कार्बनचा टन कुठेच मोजलेला नसतो. तिच्या भरवशावर राहू नका.

जलूदच्या सौर प्रकल्पामुळे पाणीपट्टी कमी होईल का?
(रामबाग, इंदूर)

एवढ्यात नाही. नर्मदेचं पाणी जलूदहून वर चढवायच्या विजेसाठी 60 मेगावॉटचा हा प्रकल्प आहे. त्यासाठी महापालिकेने 2023 मध्ये 244 कोटींचे हरित रोखे काढले, 8.25 टक्के व्याजाने. सगळी रक्कम बाकी असताना वर्षाचं व्याजच 20 कोटींवर जातं. वाचलेलं वीजबिल आधी तिकडे जाईल.

तीन किलोवॉट सोलर लावायचं आहे. मीटर अजून दिवंगत सासऱ्यांच्या नावावर आहे. अडचण येईल?
(लोकमान्य नगर, इंदूर)

येईल. केंद्राच्या सूर्यघर योजनेच्या सबसिडीचे 78,000 रुपये अर्जदाराच्या बँक खात्यात येतात, म्हणून आधी मीटरचं नाव बदलून घ्या. पॅनल देशी सेलचेच हवेत, कोटेशनमध्ये 'डीसीआर' (देशी बनावटीची अट) लिहून घ्या. नाहीतर सबसिडी अडकते. जागा साधारण 300 चौरस फूट लागते आणि पाण्याच्या टाकीची सावली दुपारी कुठवर जाते ते खडूने आखून ठेवा. एका पॅनलवर सावली पडली तरी अख्ख्या ओळीची वीज घटू शकते. वर्षाची सरासरी दिवसाला 12 युनिटं धरा, पावसाळ्यात त्याहून बरीच कमी.

तुमचा वापर महिन्याला 150 युनिटांच्या आत असेल, तर घाई करू नका. राज्याच्या गृह ज्योती सवलतीत पहिली 100 युनिटं 100 रुपयांत मिळतात. सोलरचा खर्च त्यातून वसूल व्हायला फार वर्षं लागतील. आणि लाइट गेली की बॅटरी नसलेलं सोलरही बंद पडतं, भर उन्हातसुद्धा. खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला शॉक बसू नये म्हणून इन्व्हर्टर स्वतःच थांबतो. ती बिघाडाची तक्रार नव्हे.